जीप वाचायची कशी? : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

‘हिचं मॉडेल कुठलं?’ जुन्या जीपच्या मालकाला हा प्रश्न पेट्रोल पंपावर, टोल नाक्यावर, लग्नाच्या मांडवाबाहेर, कुठेही विचारला जातो; आणि मालक प्रामाणिक असेल तर तो उत्तराला जरा वेळ घेतो. आरसी बुकात १९६४ साल असते. चासीही त्याच काळातली असते. पण बॉनेट उघडले की आत ऐंशीच्या दशकातले प्यूजो डिझेल बसलेले, त्याच्यामागचा पाच गिअरचा बॉक्स आणखी पुढच्या कुठल्या तरी गाडीचा, स्टिअरिंग बोलेरोचे, सीटा मोडीत निघालेल्या मारुतीच्या आणि मागचा सगळा पत्रा तालुक्याच्या फॅब्रिकेटरने परवा-परवा वळवून दिलेला. मालक शेवटी आरसीतले साल सांगून मोकळा होतो. विचारणाऱ्याचे तेवढ्यावर समाधान होते, अभ्यासकाचे होऊ नये.

आडवाटेच्या जुन्या गाड्या त्यांच्या मालकांनी स्वतः, किंवा मिस्त्रीला हाताशी धरून, दुरुस्त करणे आणि आपल्या गरजेप्रमाणे बदलणे, हा या क्षेत्राचा विषय. जगभर लँड रोव्हर आणि लँड क्रूझरचे पंथ आहेत, त्यांच्यावर लिहिणारेही पुष्कळ. या प्रस्तावनेत मी भारतातल्या जीपपुरते बोलणार आहे. ही गाडी मुंबईत जुळली, पुढे नाशिकला बनली, तिची डिझेल इंजिने इगतपुरीला तयार झाली. म्हणजे पुरावा हाकेच्या अंतरावर आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: जुन्या जीपमधली प्रत्येक दुरुस्ती हा एक पुरावा आहे, आणि ‘मूळ’ गाडीच्या मापाने तिला चूक ठरवले की तो पुरावा हातचा जातो.

जीपच्या जन्माची कथा बहुतेकांना ठाऊक असते. १९४० साली अमेरिकी सैन्याने हलक्या टेहळणी गाडीची मागणी काढली, बँटम कंपनीसाठी कार्ल प्रोब्स्ट यांनी आराखडा केला, आणि १९४१ पासून विलिस व फोर्ड या कंपन्यांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. इकडे २ ऑक्टोबर १९४५ रोजी ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी सुरू झाली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले (पुढे ते तिथले गव्हर्नर जनरल झाले), १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले, आणि १९४९ मध्ये माझगावला विलिसच्या सुट्या भागांतून जीप जुळवायला सुरुवात झाली. आपल्याकडे ‘जीप’ म्हटले की जी उंच बॉनेटची आकृती डोळ्यांपुढे येते ती सीजे-३बीची. तिच्या हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह डोक्यावर आणि एग्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, त्यामुळे इंजिन उंच झाले आणि बॉनेटही वर उचलावे लागले. अमेरिकेत ही गाडी १९५३ ते १९६८ एवढीच बनली. इथे तिचा सांगाडा नावे आणि इंजिने बदलत त्यानंतरही पुढे चालत राहिला. मागणी सैन्याची आणि सरकारची, स्पर्धा जवळजवळ नाही, परवान्यांचे राज्य, नवे साचे परवडणारे नाहीत. अर्थशास्त्रज्ञ याला साचलेपण म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण एकाच सांगाड्यावर इतकी वर्षे गाड्या निघाल्यामुळे या गाडीचा भाग त्या गाडीला बसण्याची जी सोय झाली, तीच आपल्या अभ्यासाची जमीन आहे.

या सोयीत एक योगायोगही मिसळला आहे. १९६३ मध्ये महिंद्रने इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टरची कंपनी काढली. त्या ट्रॅक्टरच्या घराण्यातले डिझेल इंजिन पुढे जीपमध्ये आले, आणि ऊसपट्ट्यातल्या गावोगावच्या ट्रॅक्टर फिटरला जीपचे इंजिन आपोआप ओळखीचे झाले. स्लीव्ह, पिस्टन, रिंग, नोझल यांतले काहीच त्याला नवे नव्हते आणि माल तालुक्याच्या दुकानात मिळत होता. शहरातल्या शोरूमची पायरी न चढता गाडी चालू ठेवता येते, हा अनुभव इथल्या मालकाला कुठल्याही जाहिरातीआधी मिळाला. कोणती गाडी किती टिकते हे तिच्या पोलादाइतकेच आसपासच्या हातांवर ठरते. जीपच्या बाबतीत हे हात शेतीने आधीच तयार करून ठेवले होते.

जीप उघडायला सोपी आहे हेही खरे. शिडीसारखी चासी, चारही बाजूंना पाटे, पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल, मधे ट्रान्स्फर केस. आणि बॉडी चासीवर बोल्टांनी बसवलेली. चार-सहा माणसे लावून टब उचलून बाजूला ठेवता येतो. पण ‘सोपी’ म्हणजे ‘काहीही कुठेही चालते’ असे नव्हे. हा फरक ज्याला कळला तो मिस्त्री, आणि ज्याला समजावून सांगता आला तो अभ्यासक. एक हिशेब करून पाहू.

जुन्या पेट्रोल जीपच्या क्राऊन-पिनियनचे दात ४३ आणि ८, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे प्रॉपेलर शाफ्टचे ५.३८ फेरे. ६.०० बाय १६ च्या टायरचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास. ताशी ६० किलोमीटरला चाक मिनिटात साधारण साडेचारशे वेळा फिरते, आणि टॉप गिअर सरळ असल्यामुळे इंजिनाला २,४०० च्या वर फेरे घ्यावे लागतात. ८० ला ते सव्वातीन हजारांच्या घरात जाते. पेट्रोल इंजिन हे कुरकुरत का होईना सहन करते. ट्रॅक्टरच्या घराण्यातले डिझेल इतक्या फेऱ्यांना राजी नसते. म्हणून ज्या मालकाने डिझेल बसवले पण मागचे क्राऊन तेच ठेवले, त्याची जीप हायवेवर ६५ च्या पुढे नुसता आवाज करते. आता पर्याय तीन: वेगळ्या दातांचे क्राऊन-पिनियन शोधायचे, ओव्हरड्राइव्हचा पाच गिअरचा बॉक्स बसवायचा, किंवा मोठे टायर घालायचे. पहिल्यात पुढचे आणि मागचे अशी दोन्ही अ‍ॅक्सल एकदमच बदलावी लागतात. एकच बदलले आणि फोर-व्हील टाकला तर पुढची-मागची चाके एकमेकांशी भांडून ट्रान्स्फर केस खातात. दुसऱ्यात गिअरबॉक्सची लांबी बदलते, मग प्रॉपेलर शाफ्ट लेथवर कापून पुन्हा बॅलन्स करावा लागतो. तिसरा पर्याय दिसायला रुबाबदार आणि करायला सोपा, म्हणून सगळ्यांत लोकप्रिय. पण वाढलेल्या टायरचे ओझे ब्रेक, किंग पिन आणि व्हील बेअरिंगवर येते. गाडीजवळ उभे राहून मालकाने यातला कोणता पर्याय निवडला हे पाहिले, की त्याची जीप घाटात चालते की हायवेवर, त्याच्याकडे पैसा किती होता आणि त्याचा मिस्त्री लेथवाल्याच्या किती जवळचा होता, हे बऱ्यापैकी सांगता येते. पुरावा म्हणतो तो हा.

जवळून पाहण्यासारखी दुसरी गोष्ट म्हणजे पुढच्या चाकांचे थरथरणे. जुनी जीप चाळीस-पन्नासच्या वेगात खड्ड्यात आदळली की कधी कधी स्टिअरिंग हातात नाचू लागते आणि गाडी जवळजवळ थांबवल्याशिवाय शांत होत नाही. नवखा मालक आधी व्हील बॅलन्सिंग करून घेतो, मग टाय रॉडचे एंड बदलतो, मग स्टिअरिंग डँपर लावतो. डँपर थरथर दाबतो, तिचे मूळ तसेच राहते. मुरलेला मिस्त्री बेल क्रँक आणि पाट्यांचे बुश हलवून पाहतो आणि चाक खोलून सरळ किंग पिनपाशी जातो. पुढच्या अ‍ॅक्सलच्या टोकाला गोल हौजिंग असते. त्यात वर आणि खाली एकेक निमुळते रोलर बेअरिंग, आणि त्यांच्या झाकणांखाली पातळ शिम. काही शिम तर जेमतेम तीन थाऊंच्या, म्हणजे इंचाच्या तीन हजारांश. शिम काढल्या की बेअरिंगवरचा दाब वाढतो. तो किती असावा याचा नियम कंपनीच्या मॅन्युअलमध्ये आहे: टाय रॉड सोडायचा, फेल्टचा सील काढायचा, आर्मला स्प्रिंगचा काटा अडकवून ओढायचा आणि आकडा वाचायचा. गॅरेजमध्ये असा काटा क्वचितच दिसतो. मिस्त्री नकल दोन्ही हातांत धरून डावी-उजवीकडे वळवतो, एक शिम काढतो, पुन्हा वळवतो.

इथे घाईने निष्कर्ष काढणारे दोन पक्ष पडतात. एक म्हणतो हा अडाणीपणा, दुसरा म्हणतो ही दैवी हातोटी. दोघांनीही पुढची पायरी पाहिलेली नसते. मिस्त्री बेअरिंगचा कप उजेडात धरून त्यावरून नख फिरवतो. हे बेअरिंग चाकाच्या बेअरिंगसारखे गोल फिरत नाही, एवढ्याशा कोनात पुढे-मागे होते. त्यामुळे वर्षानुवर्षे रोलर त्याच जागी आदळून कपावर वळ उमटतात. वळ पडलेल्या कपावर शिम कमी केल्या तर स्टिअरिंग मधोमध अडकते आणि वळणावरून परत येत नाही. अशा वेळी काट्यावरचा आकडा बरोबर आणि काम चूक असू शकते. ‘कप बदला, शिमनं काही होणार नाही’ हे मिस्त्रीचे वाक्य म्हणजे रीतसर निदान आहे: लक्षण, कारण, ते तपासण्याची रीत आणि उपाय, सगळे त्यात आहे. आपले पहिले काम असे निदान शब्दांत उतरवण्याचे. ते दिसते त्याहून अवघड आहे, कारण निम्मे ज्ञान नखात असते आणि मिस्त्रीला ते कधी कुणी विचारलेलेच नसते.

हे मालक कोण? सगळे एका जातीचे नाहीत. सरकारी जीप, म्हणजे पंचायत समितीची, पोलिसांची, आरोग्य केंद्राची, वापरातून बाद झाली की लिलावात येते. तिथून ती शेतकऱ्याकडे, ठेकेदाराकडे किंवा हौशी माणसाकडे जाते. सातारा-कोल्हापूरकडच्या वडापने, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीने, आणि मराठवाड्यातल्या काळ्या-पिवळ्यांनी कमांडर आणि ट्रॅक्स अशा गाड्यांकडून बनवणाऱ्याच्या स्वप्नातही नसेल इतकी माणसे वाहून घेतली. त्यासाठी पाटे वाढवले, मागे पायरी जोडली, टपावर कॅरिअर बसवले. पंजाबच्या सीमेवर, हरियाणातल्या मंडी डबवालीत, लष्करी लिलावाच्या भागांतून उघड्या जीप उभ्या करण्याचा धंदाच आहे. जबलपूरच्या कारखान्यात निसानच्या ‘पॅट्रोल’ गाडीच्या धर्तीवर बनलेल्या जोंगा लिलावातून बाहेर आल्या, तेव्हा त्यांच्या चार लिटरच्या पेट्रोल इंजिनाची तहान पाहून बऱ्याच मालकांनी आधी डिझेलच शोधले. केरळात सूर्यनेल्लीहून कोळुक्कुमलैच्या चहामळ्याकडे जाणाऱ्या जीप वेगळ्या, त्यांची दुखणीही वेगळी. १९८५ च्या अखेरीस आलेल्या मारुती जिप्सीचे भक्त तर स्वतःला जीपवाल्यांत मोजतच नाहीत.

गोव्यात कुळेहून दूधसागरला प्रवासी नेणाऱ्या गाड्या पाहाव्यात. वाटेत ओढे ओलांडावे लागतात. चालून तापलेले डिफरन्शिअल एकदम गार पाण्यात शिरते, आतली हवा आकसते, आणि हौजिंगवरचा ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर ती पोकळी भरायला पाणी ऑइल सीलमधून आत खेचले जाते. बोल्ट उघडल्यावर तेल दुधाळ निघाले की समजायचे. उपाय स्वस्त आहे: ब्रीदरच्या जागी रबरी नळी जोडून ती बॉनेटच्या उंचीपर्यंत नेणे. हातभर नळी आणि दोन क्लिप. या बदलाची नोंद कुठल्याही कागदावर होत नाही, पण या दोन क्लिप पाहूनही गाडी पाण्यातून जाते की शोभेसाठी उंच केलेली आहे हे कळते.

दुरुस्तीकडे विद्येच्या नजरेने पाहणारे आपण पहिले नाही. १९१५ साली त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’त सुतार-लोहारांच्या कामाचा गावाच्या अर्थव्यवहाराशी असलेला संबंध मांडला, औते आणि गाड्या दुरुस्त ठेवणारा माणूस गावात कुठे उभा असतो, हा प्रश्न मराठीत तेव्हापासून आहे. पश्चिमेत डग्लस हार्पर यांचे ‘वर्किंग नॉलेज’ १९८७ मध्ये आले. न्यूयॉर्क राज्याच्या ग्रामीण भागात साब गाड्या दुरुस्त करणाऱ्या एकाच माणसाच्या कामावर, छायाचित्रे समोर ठेवून, सगळे पुस्तक उभे आहे; नव्याने येणाऱ्याने सुरुवात त्याच्यापासून करावी. रोनाल्ड क्लाइन आणि ट्रेव्हर पिंच यांनी १९९६ मध्ये दाखवले की अमेरिकी शेतकऱ्यांनी फोर्डची मॉडेल टी जॅकवर चढवून तिच्या चाकावर शेतातली आणि घरातली यंत्रे चालवली. वस्तूचा अर्थ वापरणाराही ठरवतो. डेव्हिड एजर्टन यांच्या २००६ च्या ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ने इतिहासकारांना शोधाच्या सालावरून उठवून वापराच्या काळाकडे नेले. या सगळ्यांचे ऋण आहेच. मात्र अमेरिकी लेखनात मालक आणि दुरुस्त करणारा हा पुष्कळदा एकच माणूस असतो, आपल्या घरच्या गराजमध्ये, सुटीच्या दिवशी. आपल्याकडे मालक स्टूल टाकून बसलेला, मिस्त्री गाडीखाली आणि पाने देणारा पोरगा उभा. निर्णय या तिघांत कसा वाटला जातो, श्रेय कुणाला आणि काळे हात कुणाचे, हा प्रश्न आपला आपणच सोडवायचा आहे. तो सोडवताना जात आणि मजुरी बाजूला ठेवून चालणार नाही.

कायद्याशी या विषयाचे नाते तणावाचे आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ म्हणते की उत्पादकाने नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येणार नाही; इंजिन बदलायचे तर परवानगी आणि आरसीवर नोंद हवी. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचा कडक अर्थ लावला. दुसरीकडे २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची सोय केली. तीत अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार नसावा. म्हणजे १९६४ ची जी जीप सलग चालत राहिली आणि चालत राहण्यासाठी बदलत गेली, ती व्हिंटेज नाही. जी गोदामात पडून राहिली ती व्हिंटेज. शोभेच्या वस्तूंसाठी हा नियम ठीक असेल, जीपचा इतिहास मात्र त्याच्या नेमका उलट्या बाजूला आहे. हौशी ‘रिस्टोरेशन’वरही माझा हाच आक्षेप आहे. वडापात पंचवीस वर्षे राबलेल्या गाडीवर ऑलिव्ह रंग चढवून बॉनेटवर पांढरा तारा काढला की ती नॉर्मंडीची होत नाही, आणि सातारची होती हे मात्र पुसले जाते.

तरी दुरुस्तीचे गोडवे गाण्याचा मोह आवरावा. या गाड्यांनी माणसे मारलीही आहेत. जुन्या जीपचे ब्रेक नऊ इंची ड्रमचे आणि चारही चाकांना एकच हायड्रॉलिक सर्किट. एका चाकाचा सिलिंडर गळला की पेडल तळाला. यावर दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर आणि पुढे डिस्क बसवणारा मालक गाडीचे ‘मूळपण’ बिघडवतो, पण घाटात त्याच्या मागे बसायला मी तयार आहे. त्याच गॅरेजमध्ये स्टिअरिंगचा आर्म गॅसने तापवून वाकवला जातो, प्रॉपेलर शाफ्टचा कोन न पाहता पाटे अ‍ॅक्सलच्या वर चढवून गाडी उंच केली जाते, आणि जॉइंट दर दोन महिन्यांनी का तुटतो म्हणून देवाला बोल लावला जातो. पुढे लावायच्या बुल बारवर २०१७ च्या अखेरीस बंदी आली, ती पादचाऱ्यांच्या दृष्टीने योग्यच होती. चांगला आणि वाईट बदल वेगळा करण्याची भाषा मिस्त्रींकडे आहे. ‘हे टिकेल’, ‘हे फक्त विकायला’, ‘हे माझ्या हातून नको’ असे ते सहज बोलून जातात. कायद्याला ही वर्गवारी सुचलेली नाही. तिची पद्धतशीर नोंद करणे अभ्यासकाला शक्य आहे.

सुरुवात कुठून करावी हे विद्यार्थी विचारतात. कागद पाहायचे ते तीन प्रकारचे. कंपनीची वर्कशॉप मॅन्युअल आणि पार्ट कॅटलॉग रद्दीच्या दुकानांत, मुंबईच्या चोर बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात मिळतात. समासातल्या पेन्सिलीच्या खुणा छापील मजकुराइतक्याच मोलाच्या. मालकांनी जपलेली बिले, विशेषतः लेथवाल्याची आणि पंप-नोझलवाल्याची, कारण त्यांवर माप लिहिलेले असते. आणि आरसी बुक, ज्यात इंजिन बदलल्याच्या आणि हस्तांतराच्या नोंदी असतात. मग गाडी. चासी क्रमांक, इंजिनाच्या ब्लॉकवरचा क्रमांक आणि अ‍ॅक्सलवरचा पत्र्याचा टॅग वेगवेगळ्या काळातले निघतात, तिथून प्रश्न सुरू होतात. चासीला कुठे जादा भोके पाडली आहेत, कुठे जुनी बुजवली आहेत ते मोजून काढावे. आधीच्या इंजिनाचे माउंटिंग कुठे होते ते त्यावरून कळते. गॅरेजच्या कोपऱ्यातला काढलेल्या मालाचा पिंपही उपसावा. मिस्त्री तो विकत नाहीत, फेकतही नाहीत.

मुलाखतींना उशीर करू नये. हरिकेनच्या व्हॉल्व्हचे टॅपेट गरम इंजिनावर कानाने लावणारे मिस्त्री आता सत्तरीपुढचे आहेत, आणि त्यांची मुले स्कॅनर लावून थार दुरुस्त करतात. त्यांना भेटायला जाताना जुने कपडे घालून जावे आणि पहिल्या दिवशी रेकॉर्डर बाहेर काढू नये. करण्यासारखे पहिले काम जिल्हावार नकाशाचे: कोणत्या भागात जीपमध्ये प्यूजो टिकले, कुठे ट्रॅक्टरवाले डिझेल, कुठे टेम्पो ट्रॅक्समधले मर्सिडीजच्या घराण्याचे इंजिन, आणि प्रत्येक ठिकाणी सुटे भाग देणारे दुकान, लेथ आणि पंपवाला किती अंतरावर होता. त्यासाठी एक तालुका निवडावा, त्यातली गॅरेजेस पायी फिरावीत, आणि पावसाळ्यात जावे, कारण ओढ्यांना पाणी असते तेव्हा या गाड्यांची कामे निघतात आणि मिस्त्रींच्या हातांना उसंत नसली तरी तोंडे मोकळी असतात.